रेंज नव्हती

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसाचं कारण आहे हे — पण आहे ते आहे.

फोनपासून सुरू करते. तेवढं सोपं आहे.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तेव्हा नवा मोबाईल घेतला होता. कॅमेरावाला. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तो सुपरवायझर होता, आणि आमच्या घरात असली वस्तू पहिल्यांदाच आली होती. जेवताना तो फोन ताटाशेजारी ठेवायचा आणि आई त्यावर रुमाल टाकायची — आमटीचा थेंब उडायला नको म्हणून. आणि हा फोन भर जुलैत, पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत, माझ्या पाठीवरच्या सॅकमधून जाणार होता. कारण मला ट्रेकला जायचं असेल तर फोन बरोबर हवा, ही दादाची अट होती. आणि वैशाली बरोबर हवी, ही आईची.

माझं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर मी चंदगडला जाणार होते, मोठ्या एकत्र कुटुंबात. माणसं चांगली होती, पण सुनेनं सॅक पाठीला लावून डोंगर चढावा असं ते घर नव्हतं, हे बघायला आलेल्या बायकांकडं बघूनच मला कळलं होतं. हा ट्रेक पहिला आणि शेवटचा — असं मी मनात धरून बसले होते.

फोनची बांधाबांध आम्ही दोघींनी केली. वैशाली माझी लहानपणापासूनची मैत्रीण, गल्लीत चार घरं सोडून राहणारी. तिनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून आणल्या होत्या. फोन आधी रुमालात, मग एका पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत, वर रबरबँड, आणि ते सगळं आईच्या झाकणाला रबर असलेल्या स्टीलच्या डब्यात. तो डबा सॅकच्या मधोमध, कपड्यांच्या आत. वैशाली म्हणाली, “आता आपुन वाहून गेलो तरी फोन सापडतोय बघ कोरडा!” आम्ही कोल्हापूरच्या पोरी पोरांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायचो. चंदगडला गेल्यावर ते मला सोडावं लागलं. तिनं कधीच सोडलं नाही.

तिच्या वडलांची पिठाची गिरण होती. अण्णा म्हणायचो आम्ही सगळेच. मोठ्या आवाजाचा माणूस — गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून तसा आवाज झाला असेल. ट्रेकला त्यांचा विरोध होता. पावसात माळावर काय ठेवलंय, हा त्यांचा प्रश्न. त्यावरून भांडण झालं आणि वैशाली रागाच्या भरात बोलून गेली, “तुमास्नी गिरणीभायेरचं जग म्हाईतच न्हाय.” त्या दिवसापासून बापलेकीत अबोला. तरी निघायच्या सकाळी अण्णा आम्हाला स्टँडवर सोडायला आलेच. तिच्याकडं न बघता मला म्हणाले,

“तिला सांग, शेवाळावर पाय टाकू नको म्हणावं.”

वैशाली माझ्या शेजारी उभी. ती मला म्हणाली, “त्यांना सांग, मला कळतंय म्हणावं.”

मी काहीच सांगितलं नाही. तिघांनाही हसू आवरत नव्हतं, पण दोघंही हट्टी. एस्टी निघाली तेव्हा अण्णा फलाटावर हात वर करून उभे होते. तो हात तिनं पाहिला. तिनं आपला हात मात्र वर केला नाही.

आमच्या पेठेतल्या तालमीचा ट्रेक होता. देसाईसर — शाळेत पी.टी. शिकवायचे — आणि त्यांची बायको पुढं, मागं आम्ही सगळी पोरं-पोरी. पन्हाळा उतरलो आणि म्हाळुंग्याच्या अलीकडच्या ओढ्यात सर गुडघ्यावर आपटले. खिशातला त्यांचा फोन भिजून बंद पडला. आता चालू असलेला फोन एकच उरला — माझ्या डब्यातला. वैशालीच्या घरीही तोच नंबर दिलेला होता.

मसाई पठाराच्या चढणीवर वैशाली मला म्हणाली, “परत गेल्यावर मीच बोलतो अण्णांशी. लई लागंल असं बोललो मी.” धाप लागली होती तिला, थांबून थांबून बोलली. मी हं म्हटलं.

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढं जे केलं ते करताना मला हे माहीत होतं.

पठारावर पोचलं की मिस्ड कॉल दे, असं दादानं बजावलं होतं. दुपार झाली होती. पाऊस जरा थांबला होता, आणि ढग आमच्या पायाखालून सरकत होते — खरंच पायाखालून. बाकीचे पुढं गेले. मी एका कातळाच्या आडोशाला बसले, रेनकोटची झोळी करून त्यात डबा उघडला, पिशव्या सोडल्या, हात कोरडे केले आणि फोन चालू केला. रेंजच्या दोन काड्या आल्या. दादाला मिस्ड कॉल दिला.

आणि मेसेज आला.

इथं थोडं थांबते. इतकी वर्षं मी इथंच येऊन थांबत आलेय — अगदी मनातल्या मनातसुद्धा.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. वैशालीच्या धाकट्या भावानं, सागरनं पाठवलं होतं, शेजाऱ्यांच्या फोनवरून. अण्णांना सकाळी दवाखान्यात नेलंय. उजवा हात उचलत नाही. बोलतायत, पण जीभ जड झालीय. सारखं वैशी कुठाय विचारतायत. तिला लगेच पाठव.

मी तो वाचला. दोनदा वाचला. काही कळलं नाही असं झालं नाही. पुसट नव्हता, अर्धवट नव्हता.

वर बघितलं तर वैशाली पठाराच्या कडेला उभी होती. वाऱ्यानं तिचा रेनकोट फुगला होता आणि ती दोन्ही हात पसरून ओरडत होती, “ये की लवकर! काय करायलीस तितं?”

मला सांगा, हाक मारायला किती वेळ लागतो?

मी हिशेब केला. ती परत जाणार. तिला एकटीला कुणी पाठवणार नाही, म्हणजे मैत्रीण म्हणून मीच जाणार. पन्हाळ्यापर्यंत उलटी चाल, तिथून एस्टी, आणि संध्याकाळी मी पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात. मग दिवाळी, मग चंदगड. संपलं. सरांनी एखाद्या पोराला तिच्याबरोबर पाठवलं असतं का? सरांची बायको म्हणाली असती का, मी जाते हिच्यासंगं, तू चल पुढं? कदाचित. पण त्यासाठी आधी सांगायला हवं होतं. मी विचारलंच नाही कुणाला.

मनाची समजूतही लगेच घातली. बोलतायत म्हणजे बरे आहेत. डॉक्टर आहेत, सागर आहे, हिची आई आहे. ही जाऊन करणार काय? उद्या संध्याकाळी पोचतोच आहोत. एवढं सगळं माझ्या डोक्यात किती भराभरा आलं!

मी फोन बंद केला. रुमाल, पिशवी, पिशवी, रबरबँड, डबा. झाकण दाबून बसवलं. आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“लागला का फोन?” तिनं विचारलं.

“न्हाय,” मी म्हटलं. “रेंजच न्हाय हितं.”

करपेवाडीत मुक्काम होता. संध्याकाळी बाकीच्या पोरी चुलीपाशी ओले मोजे वाळवत होत्या, तेव्हा मी घरामागच्या परड्यात जाऊन फोन उघडला आणि तो मेसेज पुसून टाकला. पठारावर घाबरले होते, असं म्हणता येईल. पण परड्यात? तिथं मी घाबरलेली नव्हते. तिथं मी शांत डोक्यानं माझी बाजू सावरून घेतली.

दुसऱ्या दिवशी पांढरपाणी गावातल्या दुकानात सरांना पैसे टाकायचा फोन सापडला. त्यांनी आपल्या घरी लावला, आणि बोलता बोलता वैशालीकडं बघितलं. त्या बघण्यावरूनच तिला कळलं काहीतरी. “कधीपासनं?” एवढंच तिनं विचारलं. “काल सकाळपासून,” सर म्हणाले.

पावनखिंडीजवळ तालमीची जीप आमच्यासाठी थांबली होती. तिच्यातून आम्ही दोघी आणि सर कोल्हापूरला आलो. सगळ्या वाटेत तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी तो काढून घेतला नाही.

दवाखान्याच्या जिन्यात सागर भेटला. तो काही रागानं बोलला नाही. रडून रडून घसा बसला होता त्याचा. म्हणाला, “काल दिवेलागणीपतूर बोलत हुते, ताई. सारखे दाराकडं बघायचे. मग दुसरा झटका आला. आता शब्द न्हाय.” आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “मी मेसेज केलता दुपारी. मिळाला न्हाय व्हय?”

मी तोंड उघडायच्या आधी वैशालीच बोलली.

“कुठली रेंज तितं? सकाळपासनं डब्यात हुता फोन. तिचा काय दोष?”

मी नुसती मान हलवली. पुन्हा खोटं बोलायचीसुद्धा वेळ तिनं माझ्यावर येऊ दिली नाही. दादाला पठारावरून मिस्ड कॉल गेला होता, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

अण्णा त्यानंतर काही वर्षं जगले. उजवी बाजू गेलेली, आणि वाचा गेली ती गेलीच. कळत सगळं होतं. वैशाली रोज त्यांच्याशी बोलायची, माफी तिनं पहिल्याच दिवशी मागितली, त्यांचा डावा हात आपल्या डोक्यावर ठेवून. ते रडले. पण ते काय म्हणत होते, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ‘आ’ असा एकच आवाज यायचा. कधी तो रागाचा वाटायचा, कधी लाडाचा. ती माझ्याजवळ अंदाज बांधत बसायची — “आज काय म्हनत असतील गं?”

माहेरी आले की मी त्यांना भेटायला जायचे. न जाऊन कसं चाललं असतं? मला बघितलं की त्यांचा डावा हात वर व्हायचा. मी तो हातात घ्यायचे, चंदगडचे काजू मिक्सरवर बारीक करून आणलेले असायचे ते दुधातून भरवायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मैत्रीण असावी तर अशी.

पठारावरून दुपारी निघालेली वैशाली दिवेलागणीच्या आत पोचली असती का? मी ती वाट मनात अनेकदा उतरले आहे. चिखल धरते, एस्टी उशिरा आली असं धरते. कधी ती पोचते, कधी नाही पोचत. पण निघाली असती, एवढं नक्की. ते ठरवणं तिचं होतं. ते मी माझ्याकडं घेतलं, आणि माझ्या हौसेसाठी घेतलं.

अण्णा गेले त्या वर्षी एकदा आम्ही रंकाळ्यावर बसलो होतो. ती म्हणाली, “भांडूनच गेलो बघ मी त्या सकाळी. नुसता हात जरी वर केला असता…” आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तू नगो रडूस. तू काय केलंयस?”

तेव्हा सांगता आलं असतं. दोघीच होतो. तिनं तर सरळ विचारलंच होतं. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

आणखी एक राहिलंय. तेही सांगून टाकते, नाहीतर हे सगळं अर्धंच राहील. त्या दुपारनंतर मी वाटभर झुरत चालले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नव्हतं. पठार संपून आम्ही रानात शिरलो, ओढ्यांत एकमेकींचे हात धरून उतरलो, भिजलेली भाकरी आणि ठेचा उभ्यानं खाल्ला. वैशालीनं गाणी म्हटली, मी तिच्या सुरात सूर मिळवला. मी पोटभर हसले. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या मोकळ्या दिवसांतला तो एक होता, आणि मला तो मनापासून आवडला.