पट्टीवाल्याचा सिनेमा

मी एका मरणाऱ्या माणसाला सिनेमाचा शेवट खोटा सांगितला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. नाव बदलून लिहितेय. संतोष म्हणू या.

गुहागरकडचा. चौतीस वर्षांचा. सौदीत रास अल खैरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. गॅसचा भडका उडाला आणि तो जुबैलला आमच्या बर्न वॉर्डात आला.

साठ टक्के भाजलेला. चेहरा धरून.

वॉर्डात मराठी बोलणारी नर्स मी एकटीच, मिरजेची. त्याचं ड्रेसिंग मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पहिल्या दिवशी डोकं, तोंड, हात, सगळं गुंडाळून झालं. फक्त डोळे आणि ओठ उघडे. घशात धूर गेल्यामुळे आवाज पार फाटलेला.

"काय ओ सिस्टर, मी त्या जपानी पिक्चरातल्या माणसासारखा दिसतोय काय?"

मला वाटलं, भ्रमात बोलतोय.

नव्हता. आधी तो अल खफजीला असताना साईटवरच्या एका म्हाताऱ्या जपानी इंजिनिअरने त्याला पेनड्राइव्ह दिला होता. त्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. एक माणूस औषध घेऊन अदृश्य होतो आणि लोकांत वावरता यावं म्हणून डोक्याला पट्ट्या गुंडाळून फिरतो. मूळ गोष्ट कुठल्याशा गाजलेल्या इंग्रजी कादंबरीतली.

सबटायटल नाहीत, भाषा कळत नाही. तरी हा पठ्ठ्या अर्ध्यापर्यंत बघत बसला होता.

"उरलेला जुम्म्याला सुट्टीत बघणार होतो. त्याच्या आधीच हे झालं. पुढे काय होतं त्याचं? परत दिसतो काय तो?"

मी म्हटलं, बघून सांगते.

नेटवर शोधला. घरी बसून सबटायटलसकट पूर्ण बघितला.

अदृश्य व्हायचं औषध शास्त्रज्ञाने शोधलेलं असतं. परत दिसायचं शोधलेलंच नसतं. उतारा आहे असं खोटं सांगून त्या माणसाला लोक एका हिऱ्यांच्या हारासाठी नाचवतात. शेवटी समुद्राकाठी त्याला गोळी लागते आणि मरतो तेव्हाच तो दिसायला लागतो.

हे मी त्याला सांगणार होते?

जळलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय, ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. इंजेक्शन देऊनही पुरत नाही. म्हणून मी रोज गॉझ भिजवून सोडवता सोडवता थोडा थोडा सिनेमा सांगायला लागले. पोलीस कुठे पोचले, हिऱ्यांचा हार कुणाकडे गेला. तो दात आवळून ऐकायचा. कधी मध्येच चूक काढायचा, "नाय ओ, ते मी बघितलंय, तसं नव्हतं."

मग त्याने बघितलेला भाग संपला. पुढचं सगळं माझ्या हातात होतं.

मी सांगितलं, उतारा सापडतो. पट्ट्या सोडतात. खाली चेहरा जसाच्या तसा. तो घरी जातो.



"चांगलाय पिक्चर," संतोष म्हणाला.

इन्फेक्शन तोवर रक्तात गेलं होतं. आमचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, डॉक्टर राउंड संपवून मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, खलास."

त्याच्या बायकोचा रोज दुपारी मला फोन. तिला अंकिता म्हणू.

"ताई, व्हिडिओ कॉल लावा ना."

तो मान हलवायचा. "असा नका दाखवू. पट्ट्या सुटल्या की मग."

"ताई, नुसते डोळे दाखवा. डोळ्यांना तर काही झालं नाही ना?"

तरी मी दाखवले नाहीत. त्याला शब्द दिला होता. एकदा नुसता आवाज ऐकवला, तर ती म्हणाली, "हा आवाज ह्यांचा नाही."

मी तिला रोज मधाचं बोट लावत राहिले. बरे होतायत अंकिता. आज थोडं खाल्लं. अजून थोडे दिवस.

सतराव्या दिवशी तो गेला. मीच त्याला पुसलं, मीच गुंडाळलं.

मग कफीलची, म्हणजे तिथल्या मालकाची सही, एम्बसीचे कागद, विमान. महिना होत आला तेव्हा पेटी गावात पोचली. पेटी उघडली, पण तोंडावरचं कापड जाणत्यांनी अंकिताला सोडू दिलं नाही. बघवणार नाही, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

तिला अंत्यदर्शन मिळालं नाही.

तेव्हापासून ती एकच बोलते. दुसऱ्याच कुणाला पाठवलंय. हे तिकडेच आहेत, कुठल्यातरी हॉस्पिटलात पडून. मंगळसूत्र काढलेलं नाही. संतोषच्या बंद नंबरवर रोज मेसेज करते.

आज वर्षश्राद्ध होतं. तिने होऊ दिलं नाही. भटजी दारातून परत गेले.

सकाळी तिच्या दिराचा फोन आला. "ताई, आमचं कुणाचं ती ऐकत नाय. शेवटचं तुम्ही बघितलंत. तुम्हीच सांगा तिला."

मी तिला लिहिलं. सगळं खरं लिहिलं. तो संतोषच होता, मी त्याला माझ्या हातांनी पुसलंय, डाव्या घोट्यावर कोयत्याचा जुना व्रण होता.

तिचं उत्तर आलं.

"व्रणाचं त्यांनीच तुम्हाला सांगितलं असेल."

मग थोड्या वेळाने,

"ताई, सतरा दिवस तुम्ही मला बरे होतायत म्हणालात. ते खोटं होतं ना?"

मी लिहिलं, हो.

"मग आजचं खरं कशावरून?"

बरोबर आहे तिचं.

संतोष, तुझ्या घरी आज तुझं पान वाढलं गेलं नाही. त्यात माझा हात आहे. तुझं ऐकलं, ते मी चुकले. नुसते डोळे दाखवले असते तरी चाललं असतं रे.

घरच्यांच्या लेखी तू अजून गेलेला नाहीस, म्हणून ही श्रद्धांजली मी एकटीच वाहतेय. भावपूर्ण म्हणायची माझी हिंमत नाही.

नमस्कार, संतोष.