तेरवीच्या भाजीतलं मीठ

परवा राजापेठेत कुठल्याशा पंगतीची वांग्याची भाजी शिजत होती आणि त्या तर्रीच्या वासानं मला थेट अकोल्याच्या वॉर्डात नेऊन बसवलं. मी तेव्हा नवी डॉक्टर, हाडांची सर्जन व्हायचं ठरवलेली. कॅन्सरचे एक आजोबा होते. उपचार थकले होते, पण त्यांना ते कळू नये म्हणून सारं घर दाराबाहेर कुजबुजायचं. त्या दिवशी कुजबूज तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, कुठला स्वयंपाकी सांगायचा इथवर पोचली, आणि आतून आजोबांचा आवाज आला, "त्याले नोका सांगू! त्याची भाजी खारट रायते. आन् माह्याच तेरवीत मीच उपाशी काहून? आधी मले चाखाले आना." मुलगा रडावं की हसावं अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, आणा. डब्यातून भाजी आली. आजोबांनी बोटभर रस्सा जिभेवर ठेवला आणि खुशीत म्हणाले, "हाव, खारटच हाय. दुसरा पाहा." दुसऱ्याची भाजी पास झाली, तेव्हा घरचे पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोकळे रडले. "डॉक्टरीनबाई, तुमी बी या मंग जेवाले," त्यांनी मला आमंत्रण दिलं. मी गेले. आज मी बरे न होणाऱ्यांचीच डॉक्टर आहे. ही लाइन का घेतली, असं कुणी विचारलं की सांगते, त्या तेरवीच्या भाजीत मीठ अगदी बरोबर होतं.