कासवाची जोडी

गुजरातेत आमच्या खोलीमागं कुणीतरी सरकी भिजवली होती. त्या वासानं मी मनानं गावाकडं, मुरुमच्या आमच्या गोठ्यात पोचलो.

तेव्हा नववीत शाळा सोडली होती, दुसऱ्या दिवशी कामाला परमुलखात निघायचं होतं. आपण कुणाच्या कामी येऊ का, हीच धास्ती. चुलतभाऊ दत्ता आणि मी गोठ्यात बसून मोबाइलवरच्या लढाईच्या खेळातले प्राणी, कोण किती कामाचा, तसे वहीत क्रमानं लिहीत होतो. माझं दगडी कासव मी तळाला लिहिलं.

"लई हळू हाय. कामाचं न्हाय."

"येड्या, बैल एकटा बघून घेतेत व्हय? जोडी बघतेत!"

त्यानं खेळात कासवाशेजारी आपला ससाणा उतरवला. कासवानं सगळा मार झेलला, ससाण्यानं लढाई मारली. दत्तानं तळातली ओळ खोडली.

तेव्हा मला वाटलं, आपण नुसता खेळ जिंकलो. तो माझ्याबद्दल बोलत होता, हे आता कळतं. इथं कारखान्यात उद्या नव्या मशीनवर जायचंय. धास्ती आहेच, पण आज सुपरवायझरला एवढंच विचारलं, "माझ्यासोबत कोण आहे?"