नजरेची कोंडी

प्रदर्शनात लेकीने मला एका नामांकित चित्रकाराच्या चित्रासमोर उभं केलं. खिडकीत बसलेली एक बाई, एवढंच.

"बाबा, आता नजर चित्राबाहेर नेऊन दाखव बघू."

मी खिडकीतून सटकलो, तर पडद्याच्या चुणीने मला बाईच्या हाताशी आणलं आणि हाताने चेहऱ्याशी. तीनदा पळालो, तीनदा सापडलो. माझ्यासारख्या पळपुट्यांचा बंदोबस्त त्या भल्या माणसाने रंग कालवतानाच करून ठेवला होता.

"याला रचना म्हणतात," लेक म्हणाली. "मग, आर्ट कॉलेजचा फॉर्म भरू ना?"

कॉलेज दुसऱ्या शहरात, म्हणून महिनाभर मी हा प्रश्न टाळत होतो. आताही छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याच चेहऱ्याशी आलो.

"भर," मी म्हणालो. "पण आईला तूच सांग."