बसवायची अंडी

साकोलीच्या बाजारात ती बाई दोन टोपल्या मांडून बसायची. एकीत खायची अंडी, दुसरीत पिल्लांसाठी कोंबडीखाली बसवायची. पुढच्या महिन्यातल्या निवृत्तीनंतर कोंबड्या पाळायच्या, म्हणून मी सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या कोंबडीची बसवायची अंडी मागितली.

तिने पदराने एक अंडं पुसलं. "तिचे अंडे खायच्याच टोपलीत हायेत, साहेब. दुसऱ्या कोंबड्यायचे पिसं उपटते. तिची माय बी तशीच होती."

"मग पिंजऱ्यात ठेवीन."

"पिंजऱ्यात गुन दिसत नाही, जी. पन जात नाही. मोकळं सोडलं का निंगते बाहेर."

मी दुसऱ्या कोंबडीची अंडी घेतली. त्या बाईचं बोलणं बायकोला सांगितलं नाही. कचेरीत तीस वर्षं मला सगळे शांत माणूस म्हणतात. वडिलांनाही म्हणायचे, निवृत्त होईपर्यंत.