सेड्रिक सभागृहाबाहेर जातो

सेड्रिक हॅटर्सली स्केलबरीच्या कौन्सिलवर निवडून आला, कारण त्याच्या वॉर्डात दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. हे तो स्वतःच सांगत फिरायचा. निवडून आल्यावर मात्र त्याने एक नियम पक्का धरला. एखाद्या विषयात आपला खाजगी हितसंबंध असेल तर सभासदाने तो जाहीर करून बाहेर जायचं. बेकरीच्या छपराचा विषय निघाला की हा उठे, कारण तिथले मटणाचे पॅटिस तो खाई. कुत्र्यांच्या घाणीसाठी डबे बसवायचे ठरलं तेव्हाही उठला, घरी कुत्रा होता म्हणून. "कौन्सिलमध्ये मी बसलो कमी, बाहेरच जास्त पडलो," असं म्हणून पबमध्ये तो सगळ्यांच्या आधी हसायचा. मनातून मात्र स्वतःच्या सचोटीवर गडी खूश होता.

मग गावचा तरणतलाव पाडून ती जागा घरं बांधणाऱ्या कंपनीला विकायचा प्रस्ताव आला. सेड्रिकची बायको म्यूरिएल अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरात भिंत धरून चाले. पाण्यात उतरली की मात्र कुणाचा हात न धरता फेऱ्या मारी. तिचं तेवढंच चालणं उरलं होतं.

विषय पुकारला गेला आणि सेड्रिक उठला. बायको तिथे पोहायला जाते, तेव्हा आपल्याला मत देता येणार नाही, असं त्याने भरदार आवाजात सांगितलं आणि कागद आवरून निघाला. बाहेर बाकावर बसून चहात बिस्किट बुडवताना, आपली ही सचोटी कुणाकुणाच्या लक्षात आली असेल याचा तो अंदाज घेत होता. आत मतं समसमान पडली. अध्यक्षांनी आपलं जादा मत विक्रीच्या बाजूने टाकलं.

कौन्सिलच्या कायदा अधिकारी प्रिसिला वेन बाहेर आल्या आणि थेट त्याच्या बाकाशी थांबल्या. "मिस्टर हॅटर्सली, तुम्ही का उठलात? तलाव सगळ्या गावाचा आहे. गावाइतकाच तुमचा संबंध. विचारलं असतंत तर मी बसा म्हटलं असतं."

त्याने विचारलं नव्हतं. नियम आपल्यालाच जास्त कळतात, अशी त्याची खात्री होती.

घरी जाताना त्याने वाटेत सगळा किस्सा नेहमीसारखा रंगवून ठेवला. म्यूरिएलपुढे साभिनय सांगितला, भरदार आवाजासकट. बिस्किट कपात तुटून पडलं, तिथे ती हसलीसुद्धा. मग प्रिसिलाबाईंचं बोलणं आलं आणि तिचं हसू थांबलं.

"म्हणजे तू आत असतास तर तलाव वाचला असता?" तिने विचारलं. झटक्यापासून ती एकेक शब्द जपून बोले.

"हो."

"माझ्यासाठी भांडणारा तिथे एकच माणूस होता, सेड्रिक. आणि तो बाहेर चहा पीत बसला."

सेड्रिकला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्वतःवर करायला एकही विनोद त्याला सापडला नाही. म्यूरिएल उठली आणि भिंत धरत झोपायच्या खोलीकडे निघाली. तो हात द्यायला पुढे झाला. तिने तो घेतला नाही.