विहिरीतलं अणुयान

मॅट्रिक झाल्यावर मला नगरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं आणि आबांना, म्हणजे वडिलांना, मी कर्जतजवळच्या आमच्या मळ्यातच हवी होते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मासिकात वाचलेलं अणुयान मी रोज जेवताना उडवायचे. सुटे भाग वर न्यायचे, पृथ्वीभोवती फिरता फिरता तिथंच जोडायचे. अणूचं इंजिन जहरी किरणं सोडणार, म्हणून ते लांबलचक दांड्याच्या एका टोकाला आणि माणसं दुसऱ्या टोकाला.

"आन बिघडलं तर?" आबांनी विचारलं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनानं त्यांना नको नको करून सोडलं होतं.

"तितंच तरंगत दुरुस्त करायचं. वजनच नसतंय. विहिरीत पवल्यागत."

"मग आपल्या विहिरीत एक नट आवळून दाव. भिंतीला हात न लावता. जमलं तर जा नगरला."

मी आनंदानं वेडी झाले. दुसऱ्या दिवशी पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात उतरले. पाण्यावर तरंगणारा एक वासा म्हणजे यान, त्याच्या टोकाला बोल्टात अडकवलेला तेलाचा रिकामा डबा म्हणजे इंजिन. आई आणि आबा पायऱ्यांवर. मी नटाला पाना लावला, जोर दिला, तर नट जागच्या जागी आणि मीच गर्रकन फिरले! पुन्हा जोर, पुन्हा गिरकी. नाकातोंडात पाणी. आई हसून हसून खालीच बसली. मलाही हसू आवरेना, पण नगर हातचं चाललं होतं.

"अगं, आटे जातील नटाचे! धरा की कुणीतरी तिला!" आबा ओरडले.

"मग या की तुमी! भिंतीला हात लावायचा न्हाई असं ठरलंय. तुमाला हात लावायचा न्हाई, असं कुटं ठरलंय?" मी पाण्यातूनच म्हटलं.

आबा धोतर खोचून धप्पकन पाण्यात आले. एक पाय पायरीला टेकवून त्यांनी एका हातानं वासा धरला, दुसऱ्यानं माझा दंड. अट माझ्यासाठी होती, त्यांच्यासाठी नव्हती. मी पाना फिरवला. नट कुरकुरला आणि बसला! मी अशी किंचाळले की कपारीतले पारवे उडाले.

आबांनी डबा हलवून पाहिला. पुन्हा एकदा हलवून पाहिला.

"बसलाय," ते म्हणाले. "जा मग नगरला."

म्हणाले खरे, पण माझा दंड काही सोडेनात.